शिव्यांच्या आठवड्यात हाताशी आलेली तीन बटणं: रिस्ट्रिक्ट, हिडन वर्ड्स आणि लिमिट्स

एखाद्या माणसाच्या कमेंट आणि मेसेज त्याला न कळवता बाजूला ठेवणारी रिस्ट्रिक्ट नावाची सोय इंस्टाग्रामवर २०१९ पासून आहे. मी तिथे गणिताचे छोटे व्हिडिओ टाकत होते, तरी मला तिचा पत्ता नव्हता, कारण कधी गरजच पडली नव्हती. ती पडली एका मंगळवारी संध्याकाळी. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी ही सोय वापरली, तिच्या जोडीच्या हिडन वर्ड्स आणि लिमिट्स या दोन सोयी वापरल्या, आणि पैसे घेऊन ‘नाव स्वच्छ’ करून देणाऱ्या एका कंपनीच्या दारातही जाऊन आले. अशी वेळ कुणावर आलीच, तर पहिल्या रात्री काय करायचं हे त्याला मराठीत वाचायला मिळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मला त्या रात्री असं काही सापडलं नव्हतं.

आधी काय झालं ते सांगते. मी शाळकरी मुलांना गणित शिकवते, २६ वर्षं झाली. व्हिडिओ ५८ सेकंदांचा होता. क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, तर क्ष किती? फळ्यावर मी दोन्ही बाजूंना क्षने भागलं, क्ष बरोबर ५ लिहिलं, उत्तराभोवती चौकट काढली आणि खडू खाली ठेवला. ज्यांना शाळेतलं गणित आठवतंय त्यांना चूक दिसली असेल. क्ष शून्यही असू शकतो. शून्याचा वर्ग शून्य, पाच गुणिले शून्य तेही शून्य. क्षने भागायचं तर क्ष शून्य नाही हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता भागलं की एक उत्तर हातातून निसटतं. हे मी स्वतः शेकडो मुलांच्या वहीत लाल शाईने लिहिलंय. त्या दिवशी सलग सातवा व्हिडिओ करत होते, आणि चुकले.

तो व्हिडिओ कुणीतरी कापला. माझे फॉलोअर चार हजारांच्या आत, त्या माणसाचे लाखांत. ५८ सेकंदांतले नऊ सेकंद, भागाकारापासून चौकटीपर्यंत, आणि वर ठळक अक्षरांत: ‘ही बाई तुमच्या मुलांना शिकवते.’ रात्री आठच्या सुमारास फोन थरथरायला लागला तो थांबेचना. मला वाटलं, व्हिडिओ आवडला म्हणून कुणीतरी पुढे पाठवला असेल. पहिली कमेंट उघडली: ‘शून्य अक्कल.’ दुसरी माझ्या आवाजावर. तिसरी केसांवर. चौथीत माझं वय काढलं होतं. दहा-बारा वाचून होईपर्यंत मी खुर्चीतून कधी उठले ते कळलं नाही, आणि हात गार पडले होते.

मग मी उत्तरं द्यायला बसले. रात्री एक वाजेपर्यंत. एकाला समजावलं, दुसऱ्याला ‘तुमच्या घरी आई नाही का’ असं विचारलं, तिसऱ्याची माफी मागितली. प्रत्येक उत्तराखाली आणखी तीन-चार जण जमत होते. ज्याला उत्तर द्यावं त्याला लगेच सूचना जाते, तो परत येतो, सोबत मित्रांना आणतो. मी आग विझवायला जात होते आणि हातात तेलाचा डबा होता. हे मला दुसऱ्या दिवशी भाचीने दाखवलं.

ती सकाळी आली. ‘मावशी, फोन इकडे दे. आणि आधी सांग, कुणाकुणाला ब्लॉक केलंस?’

कुणालाच केलं नव्हतं. ‘बरं झालं,’ म्हणाली.

बरं झालं ते का, हे नीट सांगते, कारण इथे बहुतेक जण घाईत चुकतात. इंस्टाग्रामवर एखाद्याला ब्लॉक केलं की आपल्या पोस्टवरच्या त्याच्या कमेंट आणि लाइकही निघून जातात, आणि पुढे अनब्लॉक केलं तरी त्या परत येत नाहीत. मनाला बरं वाटतं, पण त्यानं काय लिहिलं होतं याचा आपल्याकडचा पुरावाही त्याच क्षणी जातो. माझ्याबाबतीत एका खात्यानं ‘या बाईची पदवी विकत घेतलेली आहे’ असं लिहिलं होतं. ते शिवी या सदरात मोडत नाही. म्हणून भाचीने पहिला तासभर फक्त साठवणूक केली. त्या खात्याचं प्रोफाइल उघडायचं, तिथून माझ्या पोस्टवर यायचं, कमेंटपर्यंत खाली सरकवत न्यायचं, आणि हा सगळा प्रवास स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचा. नुसत्या स्क्रीनशॉटवर ‘हे बनवलेलं आहे’ असं कुणीही म्हणू शकतं. जोडीला पोस्टचा पत्ता, खात्याचं नाव, तारीख, वेळ एका वहीत. वही माझीच, चौकटीची.

त्यानंतर तिने लिमिट्स सुरू केलं. ही सोय ऑगस्ट २०२१ मध्ये आली. जे आपल्याला फॉलो करत नाहीत किंवा अगदी नुकतेच करायला लागलेत, त्यांच्या कमेंट आणि मेसेज त्यातून बाजूला ठेवता येतात. किती दिवस ठेवायचं ते आपण ठरवायचं. असा हल्ला जुन्या, ओळखीच्या लोकांकडून सहसा येत नाही. कुठल्यातरी मोठ्या खात्यावरून वाट फुटते आणि अनोळखी लोक एकदम घुसतात. लिमिट्स नेमकं त्यासाठी आहे. बटण दाबल्यावर अर्ध्या तासात माझ्या पोस्टखाली पुन्हा माझी मुलं दिसायला लागली. एका मुलीने लिहिलं होतं, ‘मॅडम, उद्या क्लास आहे ना?’ ते वाचून मला रडू आलं. तिची कमेंट रात्रीच आली होती, पण त्या गर्दीत माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती.

लिमिट्सला माझ्याकडून पूर्ण गुण. मात्र हे तात्पुरतं औषध आहे. महिनोन्महिने चालू ठेवलं तर नवीन माणूस आपल्यापर्यंत पोचणारच नाही, आणि मी तर नव्या मुलांसाठीच व्हिडिओ करते. नऊ दिवसांनी मी ते बंद केलं.

आता रिस्ट्रिक्ट. मला सगळ्यात जास्त याच्याबद्दलच लिहायचं आहे.

ज्याच्यावर हे लावायचं त्याच्या प्रोफाइलवर जायचं, वरच्या तीन टिंबांवर दाबायचं, तिथे रिस्ट्रिक्ट असतं. ते केल्यावर त्या माणसाने माझ्या पोस्टवर नवीन काही लिहिलं, तर ते त्याला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. मला तिथे झाकलेली कमेंट दिसते. वाटलं तर उघडून वाचायची, मंजूर करायची, पुसून टाकायची किंवा आहे तशी सोडून द्यायची. त्याचे मेसेज विनंत्यांच्या कप्प्यात जातात. मी वाचले की नाही ते त्याला कळत नाही, मी ऑनलाइन आहे की नाही तेही कळत नाही. आणि आपल्याला रिस्ट्रिक्ट केलंय अशी कुठलीही सूचना त्याला जात नाही.

ब्लॉकमध्ये आणि यात फरक काय, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, ‘मावशी, ब्लॉक केलंस तर तो ब्लॉक झाल्याचाच स्क्रीनशॉट काढून लावेल. बघा, बाई घाबरल्या, मला ब्लॉक केलं. त्याला आणखी एक पोस्ट मिळेल.’ हे तिचं म्हणणं मला मग खूपदा आठवलं. अपमान करणाऱ्याला हवी असते प्रतिक्रिया, मग ती रागाची असो, रडण्याची असो की दार धाडकन लावण्याची. रिस्ट्रिक्टमध्ये दार लावल्याचा आवाजच होत नाही. तो बोलत राहतो, आणि हळूहळू त्याचं त्यालाच जाणवतं की समोरून काही येत नाही. माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आठवड्याभरात लिहिणं थांबवलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे रिस्ट्रिक्ट हे पुढच्या कमेंटसाठी आहे, आधी लिहिलेल्या तिथेच राहतात. त्या वेगळ्या काढायच्या. एकेक काढत बसू नका. कमेंटच्या पानावर एका वेळी २५ पर्यंत निवडून एकदम काढता येतात, ही सोय २०२० पासून आहे. मला ती माहीत नव्हती म्हणून मी पहिल्या चाळीसेक कमेंट एकेक करून, म्हणजे प्रत्येक पुन्हा वाचून काढल्या. कुणी तसं करू नये. काढण्याचं काम दुसऱ्या विश्वासातल्या माणसाकडे द्या. भाचीने ती काढताना ओठ घट्ट मिटले होते आणि एकही मोठ्याने वाचली नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की या सगळ्या सोयी आपल्या अंगणापुरत्या आहेत. नऊ सेकंदांची ती कापलेली फीत त्या माणसाच्या खात्यावर होती, आणि तिच्याखाली जे चाललं होतं त्याला माझं कुठलंच बटण पोचत नव्हतं. आपल्याला कोण टॅग करू शकतं आणि कोण नाव घेऊन उल्लेख करू शकतं हे मात्र ठरवता येतं. मी ते ‘ज्यांना मी फॉलो करते तेच’ असं ठेवलं, म्हणजे तिथल्या भांडणात मला ओढून न्यायचा दोर तरी कापला गेला. मग मी ते खातं उघडणं बंद केलं. पहिले तीन दिवस हात आपोआप तिकडे जायचा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायला लागले.

हिडन वर्ड्स एप्रिल २०२१ मध्ये आलं. शिवीगाळ असलेले मेसेज वेगळ्या झाकलेल्या कप्प्यात टाकणं हे त्याचं मुख्य काम. शिवाय आपली स्वतःची यादी देता येते, शब्द, वाक्प्रचार, इमोजीसुद्धा, स्वल्पविराम देऊन. त्या यादीतलं काही असेल तर मेसेजही बाजूला जातो आणि कमेंटही. यादी करायला मी आणि भाची समोरासमोर बसलो. मराठी शब्दाला प्रत्यय लागतात, त्याची रूपं बदलतात. शिवाय लोक मराठी शिवी देवनागरीत लिहितात आणि रोमन लिपीतही, आणि रोमनमध्ये एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगं. कुठलं रूप सुटू नये म्हणून आम्ही सगळी लिहून काढली. मूर्ख, मूर्खासारखी, मूर्खपणा, बिनडोक, बिनडोकपणा, आणि पुढची जी इथे लिहिता येत नाहीत ती. शाळेत ‘शब्द चालवा’ असायचं, तसे मी माझ्यावरचे अपमान चालवत होते. प्रथमा, द्वितीया, तृतीया. आधीच्या रात्री ज्या शब्दानं पोटात खड्डा पडला होता, तोच शब्द पाच रूपांत, स्वच्छ अक्षरात, एकाखाली एक लिहिल्यावर त्याची धार बरीच गेली. अशी यादी स्वतःच्या हाताने कागदावर करून मग फोनमध्ये टाका, असं मी मनापासून सांगेन.

या यादीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली. ‘शून्य अक्कल’, ‘शून्य मॅडम’, ‘शून्यबाई’ अशा कमेंट इतक्या होत्या की मी रागात ‘शून्य’ हा शब्दच यादीत टाकला. गणित शिकवणाऱ्या बाईने. बारा दिवस माझ्या व्हिडिओंखालून शून्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न झाकला जात होता. ‘शून्य सम की विषम’, ‘शून्याचा शून्यावा घात किती’, ‘बेरीज शून्य आली तर उत्तर लिहायचं का’. अठरा प्रश्न होते, मी मोजले. विचारणाऱ्या मुलांना वाटलं असेल की बाई आता उत्तर देत नाहीत. यंत्राचा यात दोष नाही, त्याने मी सांगितलं तेच केलं. मी शब्द काढून टाकला आणि अठराही जणांना एकेक करून उत्तर लिहिलं. म्हणून हिडन वर्ड्ससाठी माझा सल्ला असा: नुसता शब्द टाकण्याआधी तो शब्द आपल्या कामाचा आहे का ते बघा. असेल तर पूर्ण वाक्प्रचार टाका. आणि झाकलेला कप्पा आठवड्यातून एकदा तरी उघडा, शक्यतो दिवसा, सोबत कुणी असताना.

आता त्या कंपनीबद्दल. नाव लिहीत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला त्या लगेच सापडतात. तिसऱ्या दिवशी एका पालकांनी फोन करून, अगदी सभ्यपणे, विचारलं, ‘मॅडम, ते पदवीचं काय आहे?’ त्या एका वाक्यानं मी पूर्ण खचले. शिव्यांनी खचले नव्हते तेवढी. त्याच दुपारी मी त्या कंपनीला अर्धी रक्कम आगाऊ भरली. वचन होतं, १५ दिवसांत ऑनलाइन प्रतिष्ठा पूर्ववत.

चौथ्या दिवशी त्यांनी एक फाइल पाठवली, मंजुरीसाठी. तिच्यात पन्नास अभिप्राय होते. पहिला असा: ‘मॅडमनी माझ्या मुलाचं आयुष्य बदललं. तो गणितात नापास व्हायचा, आज पहिला येतो.’ खाली एका आईचं नाव. ही आई नव्हतीच. हा मुलगाही नव्हता. पन्नासच्या पन्नास लोक कुणीतरी खुर्चीत बसून तयार केलेले. दुसऱ्या पानावर योजना होती: त्या फितीवर वेगवेगळ्या खात्यांवरून खोट्या तक्रारी टाकायच्या, आणि ज्याने पदवीबद्दल लिहिलं त्याच्याबद्दल तशाच प्रकारचं काहीतरी उठवून द्यायचं.

मी ती फाइल दोनदा वाचली. माझ्याबद्दल खोटं बोललं गेलं म्हणून मी पैसे भरले होते, आणि त्या पैशांतून माझ्या नावाने पन्नास वेळा खोटं बोललं जाणार होतं. मी नको म्हणून कळवलं. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. सेवेबद्दल मत एका शब्दात: घेऊ नका. त्यात नुसत्या नीतीचा प्रश्न नाही. बनावट अभिप्राय उघडे पडले तर जो आरोप खोटा होता तोही लोकांना खरा वाटायला लागतो. माझ्याकडे २६ वर्षांच्या खऱ्या मुलांची नावं होती आणि मी पन्नास खोटी विकत घ्यायला निघाले होते.

‘इंटरनेटवरून काढून टाकू’ हे त्यांचं दुसरं वचन. त्याबद्दलही थोडं समजून घेतलं पाहिजे. मारिओ कोस्तेखा गोन्झालेस नावाच्या स्पॅनिश गृहस्थांनी स्वतःचं नाव गुगलवर शोधलं की १९९८ मधल्या वर्तमानपत्रातली, त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची जुनी सूचना समोर यायची. ते युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि १३ मे २०१४ रोजी जिंकले. नावाने शोध घेतला की अशा कालबाह्य गोष्टी निकालांतून वगळण्याची मागणी युरोपात करता येते, असं त्या निकालाने ठरलं. पण वगळलं जातं ते शोधाच्या यादीतून. मूळ पान वर्तमानपत्राकडे राहिलंच. आणि जी सूचना विसरली जावी म्हणून हे सगळं झालं, ती आता कायद्याच्या वर्गात जगभर शिकवली जाते. अमेरिकन गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड यांचं प्रकरण तर त्याहून बोलकं. २००३ मध्ये किनारपट्टीच्या हजारो छायाचित्रांत त्यांच्या घराचाही फोटो आहे म्हणून त्यांनी दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन त्यांच्याच वकिलांनी केलेले. बातमी पसरल्यावर पुढच्या महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक त्या संकेतस्थळावर गेले. लपवायला गेलं की उलट जास्त पसरतं, या प्रकाराला २००५ पासून त्यांचंच नाव पडलं: स्ट्रायसँड इफेक्ट.

हे भाचीने मला सांगितलं ते मी मूळ व्हिडिओ डिलीट करायला निघाले होते तेव्हा. ‘मावशी, तू तुझा काढलास तर जगात फक्त त्याचे नऊ सेकंद उरतील.’ हा मुद्दा मला लगेच पटला. मूळ व्हिडिओत त्या चुकीच्या आधीची ४० सेकंद आहेत, त्यात मी वर्ग म्हणजे काय ते नीट समजावलंय. तो पुसला असता तर त्याच्या फितीला ताडून बघायलाच काही राहिलं नसतं. इंस्टाग्रामवर टाकलेला व्हिडिओ बदलता येत नाही, पण खालचा मजकूर बदलता येतो. मी पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘यात माझी चूक आहे. क्ष = ० हे उत्तर राहिलं. दुरुस्ती पुढच्या व्हिडिओत.’

दुरुस्तीचा व्हिडिओ करताना मला मॅरिलिन व्हॉस सावंत सारख्या आठवत होत्या. गणिताच्या माणसांना त्यांची गोष्ट माहीत असते. सप्टेंबर १९९० मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकातल्या आपल्या सदरात त्यांनी तीन दारांच्या कोड्याचं उत्तर दिलं: एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या, तुम्ही एक दार निवडलंत, सूत्रधाराने बकरीचं दुसरं एक दार उघडून दाखवलं, तर निवड बदला, बदललीत तर जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश. त्यांना सुमारे १०,००० पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी, त्यातली हजाराच्या आसपास डॉक्टरेट असलेल्यांची. कित्येकांत उर्मट भाषा होती, काहींनी बाई असण्यावरून टोमणे मारले होते. त्या बरोबर होत्या. मी चुकले होते, ही तुलना मी करतच नाही. मला घ्यायचं होतं ते त्यांचं उत्तर देणं. त्यांनी शाळांना सांगितलं की वर्गात हा प्रयोग करून बघा आणि काय येतं ते कळवा. वाद त्यांनी पत्रांतून उचलून मुलांच्या हातात दिला.

मीही तेच केलं. व्हिडिओत कुणाचं नाव घेतलं नाही, शिव्यांचा उल्लेख केला नाही. फळ्यावर तीच ओळ, तोच भागाकार. मग विचारलं, ‘इथे मी काय हरवलं?’ आणि खडू कॅमेऱ्याकडे धरला. उत्तर मुलांनी लिहायचं होतं. सगळ्यात आधी ज्या मुलीने ‘शून्य’ लिहिलं, तिची कमेंट मी वर पिन केली. तीन कमेंटपर्यंत पिन करता येतात, ही सोयही २०२० मधली. भांडण चालू असताना पिन ही गोष्ट फार कामाची आहे. नवीन येणारा माणूस आधी काय वाचेल ते आपल्या हातात राहतं. बाकीच्या दोन जागांपैकी एक मी पदवीसाठी वापरली.

पदवीच्या आरोपाला उत्तर द्यायचं की नाही यावर आमचं दोन दिवस बोलणं चाललं. ‘बाईंना शिकवता येत नाही’ हे मत झालं, ते कुणीही ठेवावं. ‘पदवी विकत घेतली’ हे तपासता येईल असं विधान आहे, आणि ते खोटं आहे. मतांना उत्तर द्यायचं नाही आणि विधानाला एकदाच द्यायचं, असं शेवटी ठरलं. मला प्रमाणपत्राचा फोटोच टाकायचा होता. भाचीने हात धरला. त्यावर पूर्ण नाव, क्रमांक, वर्ष, सगळं असतं, एकदा बाहेर गेलं की कोण काय करेल सांगता येत नाही. मग तीन वाक्यं लिहिली: ‘माझी पदवी खरी आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या कुठल्याही मुलाच्या पालकांनी यावं आणि मूळ प्रमाणपत्र बघावं. याविषयी मी इथे पुन्हा लिहिणार नाही.’ पाच पालक आले. ज्यांनी फोन केला होता ते गृहस्थ पहिले. प्रमाणपत्र हातात घेतलं, परत दिलं, आणि म्हणाले, ‘माफ करा, विचारायला नको होतं.’ मी म्हणाले, विचारलंत तेच बरं केलंत. ते मी मनापासून म्हणाले होते. न विचारता मुलाला काढून घेणारेही दोन होते, आणि त्यांना उत्तर द्यायची संधी मला मिळालीच नाही.

आरोप करणाऱ्या खात्याने ती कमेंट नंतर स्वतःच काढली. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, वहीतल्या नोंदीही आहेत. त्यांचा उपयोग करावा लागला नाही, पण त्या आहेत म्हणून मी रात्री झोपू शकले.

तिन्ही सोयींना एकत्र किती गुण द्यायचे? मी शिक्षिका आहे, गुण देताना हात आखडता घेते. शिव्या थोपवण्याच्या कामात दहापैकी नऊ. एक गुण कापला तो या सोयी इतक्या आत दडलेल्या आहेत म्हणून. ज्या वेळी माणसाची बोटं थरथरत असतात त्या वेळी त्याला सेटिंगच्या पाचव्या पानावर पाठवू नये. नाव परत मिळवण्याच्या कामात मात्र त्यांना शून्य, आणि ते त्यांचं काम नव्हतंही. ते काम दुरुस्तीच्या व्हिडिओने केलं, त्या पाच पालकांनी केलं, आणि माझ्या जुन्या मुलांनी केलं, ज्यातल्या कुणालाही मी ‘माझ्या बाजूने लिही’ असं सांगितलं नव्हतं. सोयींनी मला त्यासाठी लागणारी शांतता दिली. ती शांतता नसती तर मी अजूनही रात्री एक वाजता कुणालातरी उत्तर देत बसले असते.

माझ्या रिस्ट्रिक्ट यादीत आज ३१ नावं आहेत. गेल्या रविवारी झाकलेल्या कमेंट बघत होते, भाची शेजारी बसली होती. त्यातली एक उघडली. हा माणूस पहिल्या रात्रीचा होता, माझ्या आवाजावर लिहिणारा. त्याने लिहिलं होतं, ‘मॅडम, मग क्षने कधी भागायचंच नाही का?’ प्रश्न आठ दिवसांपूर्वीचा होता. इतके दिवस तो फक्त त्याला आणि झाकलेल्या रूपात मला दिसत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी ती कमेंट मंजूर केली. खाली लिहिलं: ‘भागा की. फक्त आधी क्ष = ० चालतो का ते तपासा, चालत असेल तर ते उत्तर बाजूला लिहून ठेवा, आणि मग भागा.’